शिशाच्या गोळ्याचा दोरा

अल नहदा, शारजा
मंगळवार, दुपार

प्रिय अहो,

एकतीस वर्षांत तुम्हाला कधी नावानं हाक मारली नाही, आता कागदावर तरी कशाला मारू? हे वाचून तुम्ही हसाल अशी आशा आहे, कारण शनिवारपासून तुम्ही हसला नाहीत. तुम्ही आणि वेदांग शौकतभाईंना बघायला हॉस्पिटलात गेला आहात. चारपर्यंत येतो म्हणालात, म्हणजे माझ्या हातात दोन तास आहेत. ओट्यावरच कागद ठेवून लिहिते आहे, कारण टेबलावर तुमचा राजीनामा पडला आहे आणि त्याच्या शेजारी मला बसवत नाही. उद्या सकाळी तो तुम्ही ऑफिसात देणार. "आपण काय बांधलं हे ज्याला आठवत नाही, त्यानं क्रेनच्या सर्टिफिकेटवर सही करू नये," असं तुम्ही काल वेदांगला म्हणालात. मी आत कणीक मळत होते, ती मळतच राहिले. एवढी मळली की पोळ्या वातड झाल्या आणि तुम्ही त्या मुकाट्यानं खाल्ल्यात.

मला भीती वाटते आहे. लग्नानंतर पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा वाटली होती तशी नाही, ती तुमचा हात धरला की कमी व्हायची. ही तुमच्याचकडे बघून वाटते. तीनदा तुम्हाला सांगायला तोंड उघडलं. रविवारी गाडीत, काल चहाच्या वेळी, आणि आज सकाळी तुम्ही बुटाची नाडी बांधून, सोडून, परत बांधून बघत होतात तेव्हा. तिन्ही वेळा तोंडातून निघालं ते "पाणी देऊ का?" एवढंच. तुम्ही तिन्ही वेळा प्यायलात.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मी मधेच पळ काढीन. तुम्हाला हा नाद लागला तो त्या कॅनडातल्या दाढीवाल्यामुळे. खोल समुद्रातला साल्मन पकडायची सगळी हत्यारं तो घरच्या घरी बनवायचा आणि तुम्ही जेवताना मोबाइल वरणाच्या वाटीला टेकवून त्याला बघायचात. साल्मन म्हणजे आपला रावसच ना, असं मी एकदा म्हटलं, तर तो रावस नव्हे हे तुम्ही मला अर्धा तास समजावलंत. मग एक दिवस जाहीर केलंत की उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की सुरमई खाली जाते, तेव्हा तिच्यासाठीही हीच युक्ती करायची. बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर तारेचं रीळ, तारेच्या टोकाला पाच किलोचा शिशाचा गोळा, आणि गोळ्याबरोबर गळाची दोरी चिमट्यात धरून साठ मीटर खाली. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते, गोळा तारेवर तसाच राहतो. वेदांग म्हणाला, "पप्पा, जस्ट बाय वन." तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की जणू त्यानं आडनाव बदलायला सांगितलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या क्रेनमधली खोट काढणारा माणूस विकतच्या वस्तूवर कसा भरवसा ठेवणार?

मग काय, टायरवाल्या याकूबकडून चाकांतलं जुनं शिसं आलं. ते वितळवून ओतायला माझ्या रुखवतातल्या दोन स्टीलच्या वाट्या गेल्या. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून गोळा बरोब्बर गोल आला, म्हणून तुम्ही त्या गोळ्याचा फोटो माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकलात. बोट ओढायच्या ट्रॉलीचं भंगारातलं रीळ आलं आणि त्याला तुम्ही दातांची चकती बसवलीत. "ओझं असताना हे कधीही उलटं फिरणार नाही," असं चारदा सांगितलंत. चौथ्यांदा मी म्हटलं, आता पुरे. या घरात जेवताना, झोपताना आणि माझ्यासमोर समुद्राचं नाव काढायचं नाही. तुम्ही मासे आणा, मी साफ करीन, तळीन; पण पाणी किती खोल होतं, लाटा कशा होत्या, कुठे काय अडकलं, हे मला कळता कामा नये. तुम्हाला तो माझा फणकारा वाटला. मी कराडची, समुद्र बघितला तो लग्नानंतर. तुम्ही पहाटे निघालात की परतेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, हे मी कधी बोलले नाही. तुम्ही मात्र माझा नियम पाळलात. त्यानंतर त्या यंत्राबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. काढलं असतंत तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती, पण तोंडाला कुलूप मीच लावलं होतं.

आता वर्षभराचं सांगते. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही गॅस चालू ठेवून खाली पेपर आणायला गेलात. दिवाळीत मॉलच्या पार्किंगमध्ये आपण पाऊण तास गाडी शोधली, आणि ती तुम्ही सांगत होतात त्या मजल्यावर नव्हतीच. जानेवारीत वेदांगला तुम्ही दगडू म्हणून हाक मारलीत. दगडूभावजींना जाऊन बारा वर्षं झाली. वेदांग हसला, तुम्हीही हसलात, मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्या दिवसापासून मी तुमच्या मागून फिरायला लागले. तुम्ही दार लावलंत की मी बघून यायची. तुमच्या गोळ्यांचा डबा मोजायची. तुम्ही बिल भरलं म्हणालात की मी गुपचूप तपासायची. तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढं एकच पथ्य. तुमचा अभिमान मला ठाऊक आहे. खरं सांगू का? दहातल्या नऊ वेळा तुम्ही सगळं नीटच केलेलं असायचं. पण एकदा काळजात भीती शिरली की माणसाला नीट केलेलंही चुकलेलंच दिसतं.

गेल्या गुरुवारी तुम्ही आंघोळीला गेला होतात. टेबलावर ते सगळं मांडून ठेवलं होतं, शनिवारच्या तयारीसाठी. तार, पट्टी, चिमटे, गोळा. तारेच्या टोकाची कडी आणि गोळ्याची कडी यांच्यामध्ये मला काय दिसलं? गोधडीचा दोरा. माझ्या डब्यातला, पांढरा, सुती, पिळून आठ पदर केलेला. पाच किलोचं शिसं, एवढी पोलादी तार, आणि मधे गोधडीचा दोरा! आयुष्यभर तुम्ही जे घोकत आलात ते मला पाठ आहे: ओझ्याच्या पाचपट ताकद हवी, साखळी तुटते ती कच्च्या कडीपाशी, आणि माणूस मरतो तो तिच्याखाली. त्या माणसानं तिथं सुती दोरा बांधावा? मला वाटलं, संपलं. गाडीचा मजला विसरणं वेगळं, हे वेगळं. हा माणूस आपला धंदाच विसरायला लागला.

आणि मी पटवेकऱ्याची मुलगी. कराडच्या पेठेत दागिने गाठून आमच्या तीन पिढ्यांची पोटं भरली. आमच्याकडे दोरा तुटणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मंगळसूत्र तुटलं असंसुद्धा आम्ही म्हणत नाही, वाढलं म्हणतो. बाबा सांगायचे, गाठलेलं सुटलं तर गिऱ्हाइकाचा नाही, आपला संसार सुटला. इथं नहदातल्या किती बायका माझ्याकडून सर गाठून घेतात, एकीचा तरी परत आला? तुटावा म्हणून बांधलेला दोरा असा काही प्रकार जगात असेल, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. म्हणून वर्षभर जे करत होते तेच केलं. तुमची गाठ कात्रीनं कापली आणि माझ्याकडचा मेण लावलेला पांढरा नायलॉन घेतला. त्याची आठपदरी वेणी घालून बाबांची गाठ मारली, तुमच्या दोऱ्याइतकीच जाड, तशीच दिसणारी. वरून तो सुती दोरा गुंडाळला. तुम्ही डोकं पुसत बाहेर आलात तेव्हा मी भाजी निवडत होते. मला बरं वाटत होतं हो. या वेळी वेळेवर पोचले, असं वाटत होतं.

म्हणूनच तुम्ही "एकदा चल, बघ तरी मी काय बनवलंय" म्हणालात तेव्हा मी पहिल्यांदा हो म्हटलं. तुम्ही किती खूश झालात! खोरफक्कानच्या रस्त्यावर बोगद्यांमधून जाताना जुनी गाणी गुणगुणत होतात. जेटीवर फहद त्याच्या बोटीची किल्ली शौकतभाईंच्या हातात देताना मला बघून म्हणाला, "आज मामा भी आया? माशाल्ला!" मामा म्हणजे त्याच्या बोलीत आई. शौकतभाईंनी मला केशरी जाकीट स्वतः अडकवून दिलं. किनारा दिसेनासा झाला. बसायच्या फळीला मी दोन्ही हातांनी धरलं होतं. तुम्ही गोळा पाण्यात सोडलात, रीळ गरागरा फिरलं, साठ मीटर झाल्यावर चकतीचे दात कटकन बसले आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत, वेदांग पहिल्यांदा सायकलवर बसला तेव्हा बघत होता तसं.

मी घाबरले आहे हे शौकतभाईंना दिसलं. ते सुकाणू धरून, पुढे बघत, मला धीर द्यायला म्हणाले, "वहिनी, काय घाबरू नका. खाली दगडाला नायतर जुन्या जाळीला गोळा अडकलाच ना, तर मधला कच्चा दोरा पटकन तुटतो, गोळा जातो नि आपण मोकळे. माझ्या बापानं शिकवलेलं, मी साहेबांना शिकवलं. साहेबांनी तर बॅगा तोलायच्या काट्याला लावून बघितला. चाळीस किलोला तुटतोच तुटतो."

मी ऐकलं. मला समजलं. तो दोरा तुम्ही विसरून बांधला नव्हता. तो तुम्ही मोजून बांधला होता, माणसं वाचावीत म्हणून. आणि त्या जागी आता माझी गाठ होती, जिला तीन माणसं लोंबकळली तरी ती सुटली नसती. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की गोळा वर घ्या, मी दोरा बदलला आहे. दोन वाक्यं. मी ती म्हटली नाहीत. तुमच्या देखत, शौकतभाईंच्या देखत, मी वर्षभर तुमच्या मागून फिरते आहे हे कबूल करावं लागलं असतं. मनात म्हटलं, एवढा मोठा समुद्र, आजच कशाला अडकेल? आणि गप्प बसले. चाळीस मिनिटं. तुम्ही मला लिंबू सरबत दिलंत, मी प्यायले. त्या चाळीस मिनिटांतलं प्रत्येक मिनिट मला आता वेगळं आठवतं.

मग तार ताठ झाली. तुम्ही म्हणालात, "अडकला वाटतं," आणि हसलात, कारण तुम्हाला खात्री होती. बोटीचा मागचा कोपरा खाली गेला. लाट आली, ती बोटीला उचलेना, आतच आली, माझ्या गुडघ्यापर्यंत. शौकतभाईंनी इंजिन बंद केलं तरी प्रवाह बोटीला ओढतच होता. ते ओरडले, "साहेब, तुटत कसा नाय?" तुम्ही म्हणत होतात, "तुटेल, आता तुटेल, चाळीसलाच तुटतो." दुसरी लाट आली. तिघांमध्ये मला एकटीलाच माहीत होतं की तो तुटणार नाही. आणि अहो, तेव्हासुद्धा माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, नुसता आवाज निघाला. तुम्हाला वाटलं मी घाबरून किंचाळले. शौकतभाई रिळाकडे धावले, तुमची ती उलटी न फिरणारी चकती त्यांनी हातोडीनं उडवली आणि मूठ गरकन फिरून त्यांच्या डाव्या हातावर बसली. तार सैल झाली, तुम्ही ती कापलीत, बोट वर आली. फळीवर रक्त सांडलं होतं आणि सरबताची बाटली पाण्यात तरंगत होती. गोळा, तार, माझी गाठ, सगळं तळाला गेलं. आता ते कुणालाही कधी दिसणार नाही.

याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मी बोलले नाही तर कधीच कळणार नाही, हे मला शनिवारपासून माहीत आहे, आणि आज सकाळपर्यंत मी कुणाशी बोलले नव्हते. फहद जेटीवर आला, पाणी भरलेली बोट बघून म्हणाला, "खलास, बोट का क्या है, सब जिंदा है ना?" तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून स्वतःशीच पुटपुटत होतात, "मी दोरा बांधलाच नसेन. तार सरळ कडीत अडकवली असेन. मला आठवतंय बांधल्याचं, पण आठवतंय ते खोटंच असणार." रविवारी तुम्ही गाडीची किल्ली वेदांगला देऊन टाकलीत. काल बाथरूममध्ये सतराचा पाढा उलटा म्हणत होतात. दाराबाहेर मी टॉवेल घेऊन उभी होते. वर्षभर मला वाटत होतं तुमचं डोकं तुम्हाला सोडून चाललं आहे. आणि शनिवारी, ज्या एका गोष्टीत ते शंभर टक्के जागेवर होतं, त्याच गोष्टीवरून मी तुमचा त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला.

आज सकाळी तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा मी टॅक्सी करून एकटी शौकतभाईंकडे जाऊन आले. तुमच्या आधी त्यांना सांगितलं, याचा राग धरू नका. त्यांच्या हाताची दोन पेरं गेली आहेत, त्यांचा हक्क पहिला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हाकलतील, आणि हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "वहिनी, मला राग आलाय, खोटं बोलत नाय. उतरेल तेव्हा उतरेल. माझी पेरं काय परत येत नाय. पण साहेबांना वाटतंय त्यांचं डोकं गेलं. ते तुमच्याकडं आहे, ते परत देऊन टाका आधी." दुपारी तुम्ही गेलात की त्यांनी तुम्हाला काही सांगू नये, ते माझ्या तोंडून कळू दे, एवढं मी मागून घेतलं. हो म्हणाले. त्या माणसासमोर मी मान वर करू शकले नाही.

आता हे कागदावर कशासाठी, ते सांगते. तुम्ही दारात आलात की तोंडानं सांगणारच आहे, पळणार नाही. तुम्ही ओरडा, अबोला धरा, मला कराडला पाठवून द्या, मी ऐकेन. राजीनामा मात्र या दोऱ्यापायी देऊ नका. डॉक्टरांकडे आपण जाऊ, दोघं जाऊ, कारण गॅसचं खरं आहे, गाडीचं खरं आहे, दगडूभावजींच्या नावानं मारलेली हाक खरी आहे. त्यात माझा हात नव्हता. ते काय आहे मला माहीत नाही आणि त्याच्याच भीतीनं हे लिहिते आहे. समजा ते वाढत गेलं. समजा एखाद्या दिवशी तुम्हाला आजची संध्याकाळ आठवली नाही, मी पाया पडले तेही आठवलं नाही, पण शौकतभाईंचा हात मात्र आठवला. तेव्हा तुम्ही पुन्हा बाकावर बसल्यासारखे स्वतःला दोष देत बसाल, आणि मी समोर बसून कितीही सांगितलं तरी ही बाई कोण, असं म्हणाल. बोललेल्यावर तुमचा कधीच विश्वास नव्हता, सही असेल तरच खरं मानता. म्हणून सही करून देते आहे. हा कागद तुमच्या पासपोर्टबरोबर ठेवा आणि लागेल तेव्हा वाचा: शनिवारचा दोरा तुम्ही बांधला होतात, मोजून बांधला होतात, बरोबर बांधला होतात. तो मी सोडला.

तुमचीच,
शोभना